अडलेल्या कथेचा गाभा कसा शोधायचा

कथा पाऊण वाटेवर अडली की बहुतेक लिहिणारे पहिलं पान पुन्हा लिहायला घेतात. काही जण नवं पात्र आणतात. उरलेले कुणाला तरी मारून टाकतात. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या कथा वाचताना हे वारंवार दिसतं: सुरुवातीची पानं घासूनपुसून लख्ख, मधला भाग विस्कळीत, आणि शेवटी अचानक अपघात नाहीतर हार्ट अटॅक. अशा लेखकांना लिहिता येत नाही असं मुळीच नसतं. आपली कथा कशाभोवती फिरते आहे, हे त्यांनी स्वतःच्या खर्ड्यात शोधलेलं नसतं, एवढंच. ते बाहेर शोधत बसतात, म्हणजे विषयात, संदेशात, कुणीतरी सुचवलेल्या शेवटात.

गाभा बहुतेक वेळा लिहून झालेल्या पानांतच असतो. तो कसा काढायचा याच्या पायऱ्या खाली दिल्या आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. पाचवी पायरी आधी आणि दुसरी नंतर केली, तर मेहनत सगळी होते आणि हाती काही लागत नाही.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, या लेखासाठीच रचलेलं. कथेचं नाव ‘सही’. खटाव तालुक्यातलं गाव. वडील गेले आहेत. धाकटा भाऊ दत्ता शेती करतो, थोरली बहीण शालन पुण्यात हडपसरला राहते. कॅनॉलचं पाणी आल्यावर जमिनीला किंमत आली. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते काढायला हक्कसोडपत्र करायचं ठरतं. शालन येते, वडूजला, म्हणजे तालुक्याच्या गावी जाऊन सही करते. इथपर्यंत पंधरा पानं झाली आहेत आणि कथा थांबली आहे. लेखकाने सहीनंतरचे बरेच शेवट लिहून पाहिले: शालन कागद फाडते, दत्ता तिच्या पाया पडतो, शालन परतीच्या गाडीत मरते. एकही बसत नाही.

## तयारी

खर्ड्याची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. पुढे कितीही काटछाट केली तरी मूळ शाबूत आहे हे माहीत असलं, की कापताना हात थरथरत नाही.

दुसऱ्या प्रतीचं प्रिंट काढा. एका बाजूला, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, पानांवर क्रमांक घालून. मोबाइलवर हे काम होत नाही. मागेपुढे जायला स्क्रीन सरकवावा लागतो, आणि या पद्धतीत पान दोन आणि पान अकरा शेजारी ठेवून बघायची वेळ येते. हाताने लिहिणाऱ्यांनी झेरॉक्स काढावी.

दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक वेगळी वही घ्या. मग खर्डा काही दिवस मिटून ठेवा, वाक्यं पाठ म्हणता येत नाहीत इतपत.

आधी हे तपासा: कथेतले महत्त्वाचे प्रसंग निदान ओबडधोबड तरी लिहून झालेत का? चारच पानं असतील तर ही पद्धत वापरू नका. अजून शोधण्यासारखं काही साठलेलंच नाही. आधी पुढे लिहा, वाईट लिहा, पण लिहा.

## १. एका बैठकीत वाचा, दुरुस्त करू नका

पेन्सिली लांब ठेवा. पहिल्या ओळीपासून अर्धवट सुटलेल्या ओळीपर्यंत सलग वाचा, शक्यतो मोठ्याने. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसेल, एखादा शब्द बोचेल, तरी थांबायचं नाही. दुरुस्ती सुरू केली की आपण वाचक राहत नाही.

वाचून झालं की खर्डा उलटा ठेवा. वहीत आठवणीतून लिहा: काय काय डोळ्यांसमोर राहिलं? घटनांचा सारांश नको. चित्रं, वस्तू, वाक्यं, कुणाचं तरी हलणं. ‘सही’च्या लेखकाच्या यादीत आलं: शालनची कापडी पिशवी, वहिनीने कढीला दिलेली फोडणी, रजिस्टर ऑफिसबाहेरची गर्दी, दत्ताचा नवीन शर्ट. ज्या दोन पानांत त्याने वारसा हक्काबद्दल तळमळीने लिहिलं होतं, त्यांतलं काहीच यादीत आलं नाही.

ही यादी फेकू नका. पुढच्या पायरीला लागते.

## २. खर्ड्यावर तीन प्रकारच्या खुणा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे, आणि लोक नेमकी हीच पायरी उरकून टाकतात.

रेंगाळलेल्या जागा. जिथे गरज नसताना तुम्ही तपशील दिलात, तिथे एका रंगाने रेघ मारा. कथानक पुढे नेण्यासाठी तो तपशील लागत नव्हता, तरी हात तिथे थांबला. ‘सही’च्या दुसऱ्या पानावर असं आहे:

*“काम एका दिवसाचं होतं. तरी शालननं पिशवीत चार साड्या घातल्या. वर भाचीसाठी आणलेला फ्रॉक, आणि त्याच्यावर ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट.”*

लेखकाने हे ओघात लिहिलं. सुंदर वाक्य म्हणून मुळीच नाही. पण एका दिवसाच्या कामाला चार साड्या कशाला, याचं उत्तर कथेत कुठेच नाही.

पळालेल्या जागा. दुसऱ्या रंगाने त्या ओळी दाखवा जिथे तुम्ही प्रसंग न लिहिता उरकला. या ओळी ओळखायला सोप्या असतात: ‘मग बराच वेळ बोलणं झालं’, ‘सगळं रीतसर पार पडलं’, ‘दिवस कसा गेला कळलं नाही’. काही ठिकाणी उरकणं योग्यच असतं, प्रवासाचा प्रत्येक थांबा कुणाला नको असतो. पण जिथे दोन माणसं समोरासमोर आली आहेत आणि तुम्ही त्यांना बोलू दिलेलं नाही, तिथे संशय घ्या. ‘सही’च्या नवव्या पानावर एकच ओळ आहे: “जेवणं झाली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मंडळी वडूजला निघाली.” वर्षभराने माहेरी आलेली बहीण, तिचा हक्क सोडवून घेणारा भाऊ आणि वाढणारी भावजय एका ताटापाशी बसली आहेत, आणि लेखकाने त्यांना इकडच्या तिकडच्या गप्पांवर सोडून दिलंय. तिथे लिहायला कठीण काहीतरी आहे, म्हणूनच हात पळाला.

परत आलेल्या गोष्टी. एखादी वस्तू, हालचाल, शब्द तीनदा किंवा जास्त वेळा आला असेल तर समासात फुली करा. ‘सही’मध्ये पिशवी पान दोनवर भरली जाते. पान सहावर वहिनी ती “वाटेतनं जरा कडेला” सरकवते, आत घरात नेत नाही. पान अकरावर रजिस्टर ऑफिसच्या बाकावर ती शालनच्या मांडीवर असते. म्हणजे पिशवी घरी न ठेवताच सगळे निघाले होते. लेखकाने हे ठरवून केलेलं नाही. खुणा करेपर्यंत त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

आता पहिल्या पायरीतली यादी आणि या खुणा शेजारी ठेवा. दोन्हीकडे काय आहे? बहुधा एक किंवा दोन गोष्टी निघतात. इथे पिशवी.

सावधान: आवडती वाक्यं म्हणजे रेंगाळलेल्या जागा नव्हेत. पावसाचं वर्णन, संध्याकाळचा उजेड, सुरेख उपमा ही लेखकाची हौस असते. ज्या तपशिलाने एखाद्या पात्राची इच्छा उघडी पडते, तोच धरा.

## ३. इच्छा, अडसर आणि परत न फिरणारी गोष्ट

वहीचं नवं पान घ्या. एका वाक्यात लिहायचं: कुणाला काय हवंय, ते कशामुळे अडलंय, आणि कथेत असं काय घडतं जे नंतर पुसता येणार नाही.

पहिला प्रयत्न बहुधा असा येतो: “मुलींना संपत्तीत समान हक्क असूनही समाज तो नाकारतो.” हा विषय आहे, आणि तो खराही आहे. पण या वाक्यात माणूस नाही. याच्यावर लेख लिहिता येतो, अग्रलेख लिहिता येतो, कथा अडते.

दुसरा प्रयत्न: “शालनला जमिनीतला वाटा हवा आहे पण भाऊ देत नाही.” माणसं आली. पण खर्ड्यात बघा: शालन एकदाही जमिनीबद्दल बोलत नाही, बांधावर जात नाही, भाव विचारत नाही. लेखकाला तिला वाटा मिळावासा वाटतो, आणि वाटणं बरोबरही आहे. ते शालनचं मागणं मात्र नाही. आपला न्यायाचा आग्रह पात्राच्या तोंडी घातला की ते पात्र ऐन वेळी तोंड उघडत नाही.

तिसरा प्रयत्न, पिशवीवरून: “शालनला चार दिवस माहेरी राहायचंय, आणि ‘राहा’ असं घरातल्या कुणीतरी आपणहून म्हणावं अशी तिची इच्छा आहे, पण सही झाली की तिला थांबवून घ्यायची गरज कुणालाच उरणार नाही.”

इथे तिची इच्छा आली, ती मागता येत नाही हे आलं, आणि सही का पुसता येणार नाही तेही आलं. भावाबहिणीत काय उरलंय, हे त्या एका कागदाने उघड होणार आहे.

तपासणी. वाक्य या तिन्ही कसोट्यांवर उतरायला हवं.
- त्यातला प्रत्येक शब्द खर्ड्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून दाखवता येतो का? येत नसेल तर ते बाहेरून आणलेलं आहे.
- पात्राचं नाव काढून ‘स्त्री’, ‘शेतकरी’, ‘तरुण पिढी’ असे शब्द घातले तरी वाक्य तसंच चालतं का? चालत असेल तर तुम्ही अजून विषयातच आहात.
- ते वाचल्यावर लगेच एखादा प्रसंग लिहावासा वाटतो का? ‘सही’च्या लेखकाला नववं पान, ते जेवण, लिहावंसं वाटलं पाहिजे.

वाक्य सुबक व्हायला नको. ते कथेत कुठेही जाणार नाही, तेव्हा त्याच्या सजावटीत वेळ घालवू नका.

## ४. कथा कुणाच्या बाजूने चालते ते ठरवा

गाभ्याच्या वाक्यात ज्याची इच्छा आहे, तोच बहुधा आपला माणूस. ‘सही’च्या खर्ड्यात निम्मी पानं दत्ताच्या मनात शिरतात: कर्ज, ठिबकचा खर्च, मुलाचं शिक्षण. ते वाईट लिहिलेलं नाही, पण तिथे शालन खोलीबाहेर राहते. दत्ताची अडचण शालनला दिसेल तेवढीच ठेवायची. त्याचा नवा शर्ट दिसेल, त्याचं डोळे चुकवणं दिसेल. त्याला खलनायक करायची गरज नाही, उलट तो जितका साधा आणि प्रेमळ, तितका शालनचा पेच घट्ट.

## ५. परत न फिरणारा प्रसंग आधी लिहा

सुरुवातीपासून पुन्हा लिहायला घेऊ नका. गाभ्याचं वाक्य ज्या प्रसंगावर येऊन टेकतं तो एकटा, कोऱ्या कागदावर, जुना खर्डा न बघता लिहा.

त्याआधी व्यवहार नीट माहीत करून घ्या. गाभा एखाद्या कागदावर, विधीवर किंवा कामावर टेकलेला असेल, तर ती गोष्ट चुकीची लिहून चालत नाही. ‘सही’चा याच्याही आधीचा, अगदी पहिला खर्डा शालनला तलाठ्यासमोर सही करायला लावत होता. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं, ज्याला गावाकडे सगळे रजिस्टर ऑफिस म्हणतात. तिथे नंबर येईपर्यंत थांबावं लागतं, ओळख पटवणारे दोघं लागतात, कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, मशीनवर अंगठा लागतो. सातबाऱ्याचा फेरफार त्यानंतरचा. एकदा नोंदणी झाली की शालनला मनात आलं म्हणून एकटीने ते रद्द करता येत नाही. जबरदस्ती किंवा फसवणूक झाली म्हणायचं तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. म्हणजे ‘कागद फाडते’ हा शेवट भावनेत तर बसत नव्हताच, व्यवहारातही बसत नव्हता. नोंदलेल्या दस्ताची नोंद कार्यालयात राहते.

साल ठरवणंही तितकंच गरजेचं. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. महाराष्ट्राने आधी १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीत, त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळलेल्या होत्या. शालनचं लग्न १९८८ मधलं असेल, तर कथा २००० मध्ये घडते की २०२४ मध्ये, यावर तिच्या सहीचं वजन बदलतं. आणि २०२४ असेल तर एसटीत तिला अर्धं तिकीट लागेल. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मी सवलत आहे.

एवढं झालं की प्रसंग लिहा. असा काहीतरी उतरेल:

*अंगठा लावून झाला. मशीनवरची निळी काच शालननं पदरानं पुसली, तसं कारकून म्हणाला, राहू द्या मावशी. बाहेर दत्ता रसाचे ग्लास धरून उभा होता.*
*“बस आक्का. दमलीस.”*
*ती बाकावर टेकली. पिशवी मांडीवर घेतली. दत्तानं मोबाइलवर वेळ बघितली.*
*“चारची गाडी घावंल न्हवं तुला? न्हाईतर मी स्टँडवर सोडतो की.”*

दत्ता काळजीनेच विचारतोय. रस त्याने आणलाय, स्टँडवर सोडायलाही तयार आहे. त्याच काळजीत शालनला उत्तर मिळालं.

सावधान: या प्रसंगात पात्राला त्याची इच्छा बोलून दाखवू देऊ नका. “मला वाटलं होतं तू राहा म्हणशील” हे शालनने म्हटलं की पिशवीचं काम संपलं. आणि मनातल्या मनात म्हटलं तरी तेच.

## ६. आता क्रम लावा आणि कापा

प्रत्येक प्रसंग एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. पाचव्या पायरीतला प्रसंग शेवटाकडे ठेवा. मग प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न: ही नसेल तर तो प्रसंग कमी कळेल का?

‘सही’मध्ये वडिलांचं आजारपण, तेरावं आणि वाटणीची बैठक मिळून पाच पानं आहेत. ती जातात. त्यातलं आवश्यक तेवढं एखाद्या वाक्यात येईल. कथा पिशवी भरण्यापासून सुरू होते. नववं पान, जे एका ओळीत उरकलं होतं, ते तीन-चार पानांचं होतं: जेवताना वहिनी म्हणते, “वन्सं, कढी घ्या की अजून,” दत्ता म्हणतो, “आक्काला लांब जायचंय, जास्त आग्रह नको,” आणि शालन ताटातून वर बघत नाही. याच जागेपासून लेखक पळाला होता.

कापलेलं फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. वाटणीच्या बैठकीतून कदाचित दुसरी कथा निघेल. या कथेला ती नको.

हमखास होणारी चूक: गाभा सापडला या आनंदात तो पहिल्याच पानावर सांगून टाकणं. किंवा पिशवी पानोपानी आणणं. खर्ड्यात ती न ठरवता आली होती तेव्हा तीन जागा पुरल्या होत्या. ठरवून लिहितानाही फार तर एखादी वाढवा.

## ७. शेवट कुठे थांबवायचा

गाभ्याचं वाक्य परत काढा. त्यातला प्रश्न ज्या ओळीला सुटला, तिच्यानंतर फार तर एक-दोन ओळी. दत्ताने गाडीचं विचारलं, शालन “घावंल की” म्हणाली: कथा संपली. एसटीची खिडकी, मागे पळणारी शेतं, भिजलेले डोळे हे सगळं हात आपोआप लिहितो. लिहू द्या आणि दुसऱ्या दिवशी कापा.

शेवट अजूनही बसत नसेल तर शेवटाशी झटापट करू नका, तिसऱ्या पायरीवर परत जा. अडलेला शेवट बहुतेक वेळा चुकीच्या वाक्याची खूण असतो.

## ८. वाचायला देताना

एकाच माणसाला द्या, जो कथा वाचतो पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे ‘अप्रतिम’ मिळतं, नाहीतर पाच जणांचे पाच शेवट. गाभ्याचं वाक्य त्या माणसाला आधी सांगायचं नाही. वाचून झाल्यावर “कशी वाटली?” हेही विचारायचं नाही. विचारा: “शालनला काय हवं होतं?”

उत्तर “जमिनीत वाटा” असं आलं तर जेवणाचा प्रसंग अजून पातळ आहे, सहाव्या पायरीवर परत जा. “तिला राहायचं होतं” असं आलं, मग भले वेगळ्या शब्दांत, तर आता प्रमाणलेखन, संवादातली बोली आणि शब्दमर्यादा बघायला घ्या. बोलीबाबत एवढंच: संवाद खटाव-माणच्या बोलीत असतील तर शेवटपर्यंत त्याच बोलीत राहू द्या, पान चारवर ‘न्हाई’ आणि पान आठवर ‘नाही’ असं नको. अंकाला पाठवायची असेल तर संपादकांना मजकूर दिवाळीच्या बराच आधी, बहुधा गणपतीच्या आसपास किंवा त्याहून लवकर हवा असतो. तेव्हा हे सगळं काम उन्हाळ्यातच सुरू करा. खर्डा मिटून ठेवायचे दिवस त्यात धरायला विसरू नका.